गुळमुळीत कैफियत आणि ती काढून टाकण्याचा अर्ज

नमस्कार. सोलापुरात पैशांच्या किंवा करारभंगाच्या दाव्यात दाखल झालेली कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीने दिलेले लेखी उत्तर, वाचायला घेतली की एक वाक्य हमखास भेटते: "सदरचा मजकूर खोटा व लबाडीचा असून तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही." असा मोघम बचाव न्यायालयाला सांगून काढून टाकता येतो का, असे अनेक वादी विचारतात. येतो, पण तो मार्ग अरुंद आहे, आणि बहुतेक वेळा वादीच्या खऱ्या उपयोगाचा नियम दुसराच असतो.

एक कल्पित प्रकरण घेऊ. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदाराला व्यापाऱ्याने 8 लाख रुपयांचे सूत उधारीवर दिले आणि पैसे थकले. रक्कम 3 लाखांच्या वर असल्याने हा वाणिज्यिक दावा ठरतो. कारखानदाराची कैफियत एवढीच: सूत निकृष्ट होते, वादीने फसवणूक केली, प्रतिवादी 8 लाख रुपये देणे लागत नाही.

वादीचे वकील येथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6, नियम 16 खाली अर्ज देतात. मात्र हा नियम अनावश्यक, बदनामीकारक, पोकळ किंवा केवळ त्रास देणाऱ्या, निःपक्ष सुनावणीत अडथळा आणणाऱ्या किंवा न्यायप्रक्रियेचा गैरवापर ठरणाऱ्या मजकुरासाठी आहे. बचाव लंगडा आहे म्हणून तो पुसून टाकण्यासाठी नाही. हा अधिकार फार जपून वापरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली साथी विजय कुमार विरुद्ध तोता सिंग या प्रकरणात सांगितले आहे. वाणिज्यिक दाव्यात एक वेगळी सोय जरूर आहे, ती म्हणजे सत्यकथनाचे प्रतिज्ञापत्र नसलेली कैफियत न्यायालय काढून टाकू शकते. हे तपासायला पाच मिनिटेही लागत नाहीत आणि तरीही ते राहून जाते.

खरी धार आदेश 8 मध्ये आहे. नियम 3 प्रमाणे नकार मुद्देनिहाय हवा, नियम 4 प्रमाणे तो आडवळणाचा नको, आणि नियम 5 प्रमाणे जे नीट नाकारले नाही ते कबूल धरले जाते. "8 लाख देणे लागत नाही" या वाक्यातून साडेसात लाख देणे आहे की काहीच नाही, हे कळत नाही; नियम 4 ला नेमकी हीच पळवाट बंद करायची आहे. प्रत्येक परिच्छेदाला स्वतंत्र उत्तर हवे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली थंगम विरुद्ध नवमणी अम्माल या निकालात पुन्हा बजावले. वाणिज्यिक दाव्यात नियम 3अ आणखी कडक आहे: नाकारायचे तर कारण द्या, आणि वेगळी हकीकत असेल तर ती सांगा.

फसवणुकीच्या आरोपाचे तर आणखीच अवघड. आदेश 6, नियम 4 नुसार कोणी, कधी, काय खोटे सांगितले याचा तपशील लागतो, आणि वरच्या कैफियतीत त्यातले काहीच नाही. निकृष्ट सुताचेही तेच. मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 42 प्रमाणे वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे मानले जाते. त्यामुळे कोणत्या बिलातील सूत, काउंट (सुताची जाडी-बारीकी) किती ठरला होता, आला किती, तक्रार कोणत्या तारखेला केली आणि मागावर चढवण्यापूर्वी की नंतर, हे लिहिल्याशिवाय त्या बचावाला वजन येत नाही. (ही तक्रार व्हॉट्सअ‍ॅपवर केलेली असते, कैफियतीत मात्र तिचा उल्लेखही नसतो.)

म्हणून अशा वेळी वादीने न्यायालयाने वादाचे मुद्दे ठरवण्यापूर्वी आदेश 13अ खाली संक्षिप्त निकालासाठी, म्हणजे तोंडी पुरावा न नोंदवताच निकाल मिळावा यासाठी, किंवा कबुली स्पष्ट असल्यास आदेश 12, नियम 6 खाली अर्ज करावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. नियम 16 च्या अर्जावर महिनोन्महिने युक्तिवाद चालतो आणि शेवटी प्रतिवादीला दुरुस्तीची संधी मिळते.

प्रतिवादीसाठीही ही दुरुस्ती कायम खुली नसते. वाणिज्यिक दाव्यात समन्स मिळाल्यापासून 120 दिवसांनंतर कैफियत दाखलच करता येत नाही, आणि सुनावणी सुरू झाल्यावर आदेश 6, नियम 17 खाली दुरुस्ती मागायची, तर योग्य ती दक्षता घेऊनही हा मुद्दा आधी मांडता आला नसता, हे न्यायालयाला पटवावे लागते. सूत खराब निघाल्याचे ज्याला माल मागावर चढवला त्याच दिवशी कळले होते, त्याला ते पटवणे कठीणच जाईल.