शंखाची गरी, सालीची नाव

[दृश्य: वालुकाश्मावर शंखाचा तुकडा घासणारे हात. फक्त घासण्याचा आवाज.]

मुठीएवढा जाड शंख, पगडीसारखा वळलेला. आतलं मांस कधीच खाऊन झालंय. दगडाने ठोकून त्याचा रुंद फेरा वेगळा केला, कडा टिचवून तबकडी केली आणि मधोमध भोक पाडलं. आता बोटाएवढ्या दगडी कानशीने ते भोक आतून घासत मोठं करायचं. तबकडीची बांगडी होते. बांगडीचा एक तुकडा काढला की उरते कोयरीसारखी वळलेली गरी. एक टोक अणकुचीदार, दुसऱ्याला दोरीसाठी खाच. शंख ठिसूळ असतो. एका बाजूने हात जास्त चालला, की बांगडी तिथेच तडकते आणि काम पुन्हा पहिल्यापासून.

या गरीला म्हणतात बुर्रा. हिला मागे वळलेला काटा नसतो, म्हणून मासा लागल्यावर दोरी क्षणभरही सैल सोडायची नाही. सोडली, की मासा गेला.

जागा: सिडनीचं बंदर. इथले लोक या खाडीला वॉरान म्हणतात. काळ: जानेवारी 1788. गरी घासणारी बाई कॅडिगल लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या एका कुळातली. ती आपण कल्पनेने उभी केली आहे आणि तिला नाव दिलेलं नाही. गेलेल्या माणसाचं नाव उच्चारायचं नाही, हा तिच्या लोकांचा रिवाज. तिचं काम मात्र त्या वेळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी स्वतः पाहून लिहून ठेवलंय.

[दृश्य: मांडीवर वळली जाणारी दोरी.]

दोरी कुराजाँग नावाच्या झाडाच्या अंतर्सालीची. साल भिजवायची, कुटायची, शिंपल्याने खरवडून तंतू मोकळे करायचे आणि दोन पदर मांडीवर वळायचे. मग झाडाच्या लालसर चिकात बुडवायची, म्हणजे पाण्यात पदर उसवत नाहीत. बायकांच्या डाव्या करंगळीची वरची दोन पेरं नसायची. लहानपणीच दोरा घट्ट बांधून ती गाळवत. दोरी गुंडाळताना बोट आड येऊ नये म्हणून, असं इंग्रजांनी लिहिलं. ते त्यांचं मत. या खुणेला मालगुन म्हणत आणि ती मासेमारी करणाऱ्या बाईची ओळख होती, एवढं नक्की.

पुरुष भाल्याने मासे मारत, काठावरून किंवा होडीतून, तीन-चार टोकांच्या लांब भाल्याने. गरी आणि दोरी मात्र बाईच्या हातात.

होडीचं नाव नावी. आपल्या ‘नाव’शी उच्चार जुळतो, तो निव्वळ योगायोग. झाडाची साल एकसंध सोलायची, विस्तवावर शेकून मऊ करायची, दोन्ही टोकं चुण्या घालून वेलीने आवळायची. कड मिटू नये म्हणून आत आडव्या काड्या. लांबी तीन-चार मीटर. चीर पडली, की झाडाचा डिंक. तरी पाणी झिरपतंच, ते उपसत राहायचं. माणसं बसली की होडीची कड पाण्यापासून जेमतेम वीतभर वर. गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांत सालीचीच छोटी वल्ही घेऊन बाई लाटांमधून ती काढते. सोबत तान्हं मूल, आणि होडीच्या मध्यावर मातीच्या थरावर धुमसता विस्तव. पकडलेला मासा तिथेच भाजायचा. चावलेलं कालव पाण्यात थुंकायचं, हा चारा. आणि गाणं म्हणायचं.

[दृश्य: क्षितिजावर शिडं.]

26 जानेवारीपासून इंग्रजांच्या 11 जहाजांमधली माणसं याच खाडीत उतरू लागली, कैद्यांची वसाहत वसवायला. हजाराच्या वर. त्यांच्याकडे ओढायची मोठी जाळी होती, कोकणात जिला रापण म्हणतात तसली. गरीने एका वेळी एक मासा मिळतो, रापणीने अख्खा थवा. उन्हाळ्यात हे खपून गेलं. हिवाळ्यात मासे बंदरातून कमी झाले, तेव्हा जुनी-नवी दोन्ही तोंडं त्याच पाण्यावर होती.

एप्रिल 1789 मध्ये देवीच्या रोगाची साथ आली. खडकांच्या कपारींत, पाण्याच्या काठी प्रेतं दिसू लागली. इथले निम्मे लोक गेले असावेत, हा वसाहतीचा गव्हर्नर फिलिप याचा अंदाज. कॅडिगलांमधले तिघंच उरले, असं इंग्रजांच्याच नोंदीत आहे. मासे धरणारे हातही गेले आणि मुलींना शिकवणाऱ्या आयाही.

1790 मध्ये इंग्रजांच्या जाळ्यांत एकाच दिवशी सुमारे 4,000 मासे आले. फिलिपने त्यातले काही बेनेलाँग या इथल्याच मूळ रहिवाशाला भेट पाठवले. त्याची बायको बारांगारू, कॅमेरायगल लोकांची, करारी बाई. गव्हर्नरच्या घरी जेवायला आली तीही कपडे न घालता, आपल्याच रीतीने. तिला या भेटीबद्दल काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. आमचा तर्क असा: घरात मासे आणते ती बाई, आणि तिचा मान त्यावर. आता मासे पुरुषांनी धरलेले, पुरुषाकडून पुरुषाकडे जाणारे. बारांगारू 1791 मध्ये वारली.

त्याच वर्षी बालुदेरी नावाचा इथला तरुण पॅरामाटाला, इंग्रजांच्या आतल्या भागातल्या वस्तीत, मासे नेऊन पाव आणि भाजी घेत असे. कैद्यांनी त्याची नावी फोडली. फिलिपने त्या कैद्यांना शिक्षा दिली, पण बालुदेरीने एका कैद्याला भाला मारताच त्याला वसाहतीत यायची बंदी झाली. साल पुन्हा सोलता येते, हे खरं. पण ती होडी म्हणजे त्याचं दुकान होतं.

लोखंडी गऱ्या बायकांनी लगेच उचलल्या. घासायचे कष्ट वाचले, गरी तडकेना. दोरी, नावी, विस्तव तसेच राहिले.

[दृश्य: किनाऱ्यावरचा शिंपल्यांचा ढीग.]

आणखी एक गोष्ट. वसाहतीला विटा मिळाल्या, चुना मिळेना, कारण जवळपास चुनखडी नव्हती. म्हणून कैदी बायकांना शिंपले वेचायला लावलं. पिढ्यान्‌पिढ्या खाऊन टाकलेल्या कालवांचे ढीग काठाकाठाने होतेच. ते भट्टीत गेले. भाजून, विझवून, वाळूत मिसळून ते इंग्रजांच्या भिंतींत बसले. आज जिथे ऑपेरा हाउस आहे, त्या बेनेलाँग पॉइंटला एकेकाळी चुना भाजणाऱ्यांचं टोक म्हणत.