हत्ती न्यायचा, पण कुठे?

श्रोतेहो, नमस्कार.

आजरा-चंदगडच्या कुठल्याही गावात जा, एक मागणी हमखास कानावर येते, "तो टस्कर उचला आणि लांब कुठंतरी नेऊन सोडा." टस्कर म्हणजे सुळेवाला नर हत्ती. या मागणीमागचा संताप अगदी खरा आहे. हत्ती माडाला कपाळ लावतो, माड आडवा होतो. मग शेंड्याचा कोवळा गाभा तेवढा खाऊन स्वारी पुढच्या बागेत. वर्षानुवर्षं पाणी घालून वाढवलेलं झाड एका रात्रीत जातं. पाण्याच्या पाइपांचा चुराडा होतो तो वेगळाच.

2002 च्या सुमारास हे हत्ती कर्नाटकातल्या दांडेलीच्या बाजूनं सिंधुदुर्ग-कोल्हापुरात आले आणि इथल्या ऊस-केळीला चटावले.

पण हत्ती उचलून नेला की प्रश्न सुटतो का? केरळमधला अरिकोंबन नावाचा हत्ती एप्रिल 2023 मध्ये पेरियारच्या जंगलात सोडला. महिन्याभरात तो तमिळनाडूतल्या कंबम शहरात, भर वस्तीत! पुन्हा भुलीचं इंजेक्शन, पुन्हा ट्रक. श्रीलंकेत संशोधकांनी असे हलवलेले 12 नर हत्ती गळ्यात ठावठिकाणा सांगणारे जीपीएस पट्टे बांधून अभ्यासले. काही माघारी फिरले, काही भटकत राहिले, काही स्थिरावलेही. पण तंटा मिटला नाही, उलट नव्या गावांत पसरला, आणि हत्तीही जास्त मेले. सिंधुदुर्गातच 2015 मध्ये माणगाव खोऱ्यातले तीन हत्ती पकडले होते, त्यातले दोन दगावले.

माणसांच्या जिवावर उठलेला एखादा नर हलवावाच लागेल. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीनं तशी सोय कायद्यात आहे. पण गळ्यात पट्टा हवा, नव्या जंगलात बारमाही पाणी-चारा हवा, आणि तिथल्या गावांना आधी सांगितलेलं हवं. नाहीतर आपली पीडा दुसऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन टाकल्यासारखं होईल, आणि ते मला पटत नाही.

बाकी हत्तींच्या बाबतीत भांडायचं ते भरपाईसाठी. पंचनाम्यात माडाचं, काजूचं वय धरलं गेलं पाहिजे. गेलेला हंगाम आणि गेलेलं झाड यांत फार अंतर आहे. आणि दुसरी मागणी विजेची. शेतीची वीज रात्री येते, म्हणून माणूस बॅटरी घेऊन अंधारात उसाला पाणी पाजायला जातो आणि हत्तीसमोर सापडतो. हत्तींचा वावर असलेल्या गावांना शेतीची वीज दिवसा द्या, एवढा ठराव येत्या ग्रामसभेत जरूर मांडा.