मणी जून होईपर्यंत

तासगाव तालुका. ऑक्टोबर छाटणीनंतरची थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग. सकाळचे सात वाजलेत आणि पानावरचं दव अजून ओघळतंय.

पान उलटून बघा. ही पांढरी लव डाऊनीची, म्हणजे केवडा या बुरशीसारख्या रोगाची. वरच्या बाजूला, बरोबर याच जागी, तेलकट पिवळा डाग आहे.

आता भिंगाखाली घड. मणी बाजरीएवढा. सालीवर बारीक रंध्रं उघडी दिसतात. डाऊनीचे बीजाणू पाण्याच्या थरात पोहत या रंध्रापाशी येतात आणि तिथूनच आत शिरतात. पान ओलं राहिलं नाही, तर त्यांना पोहताच येत नाही. म्हणून दवाची सकाळ आणि रिमझिम पाऊस एवढा घातक.

हाच मणी हरभऱ्याएवढा झाल्यावर पुन्हा पाहू. रंध्रं बंद पडलीत, त्यांच्या जागी खडबडीत ठिपके उरलेत. दार मिटलं. फुलोऱ्यानंतर दोनेक आठवड्यांत मणी डाऊनीला बराचसा दाद देईनासा होतो. पण देठ नाही! मण्याचा देठ त्यानंतरही काही दिवस कोवळाच असतो आणि रोग देठातून मण्यात उतरतो. वरून स्वच्छ दिसणारा घड आतून तपकिरी पडत सुकतो, तो असा.

भुरीची, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारख्या दिसणाऱ्या बुरशीरोगाची, रीत वेगळी. तिला पाण्याचा थर लागत नाही. ती सालीवरच पसरते आणि फक्त वरच्या पेशीत शोषकं (अन्न ओढणारे तंतू) रुतवते. सेटिंगनंतर, म्हणजे फुलातून मणी धरल्यावर, तीन-चार आठवड्यांनी बीजाणू मण्यावर पडून रुजले तरी सालीतून आत जाऊ शकत नाहीत. मधल्या काळात, म्हणजे प्रतिकार येत असताना झालेली लागण मात्र डोळ्याला दिसत नाही. अशा मण्यांवर पुढे कूज लवकर धरते.

त्यामुळे जोर द्यायचा तो दोडा अवस्थेपासून (फुलोऱ्याआधीच्या कळ्यांपासून) सेटिंगनंतरच्या चौथ्या आठवड्यापर्यंत. आधीची ढिलाई नंतरच्या जादा फवारण्यांनी भरून निघत नाही. वर काढणीजवळ औषधाचा अंश राहतो आणि माल नाकारला जातो.

ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरचा फवारा बघा, बाहेरच्या पानांवरच थांबतोय. घडाच्या आत औषध पोहोचायचं तर आधी घडाभोवतीची गर्दी कमी करायला हवी. शेंडा मारल्यावर बगलफूट, म्हणजे पानांच्या बगलेतली नवी फूट, जोरात येते. ती काढली नाही, तर जून पानांच्या बागेत रोगाला पुन्हा कोवळी पानं मिळतात. नत्र आणि पाणी जास्त झालं की ही फूट थांबतच नाही.

वय वाढलं म्हणजे सगळ्यालाच प्रतिकार आला, असं नाही. तांबेरा जून पानांवरच येतो, खरड छाटणीच्या (उन्हाळ्यातल्या छाटणीच्या) पावसाळी काडीवर तो खालच्या पानांपासून वर चढतो. मण्यात पाणी उतरलं, साखर भरली, साल पातळ झाली की कुजीचे बुरशीरोग जागे होतात, आणि अवकाळी पावसात मणी तडकले तर त्यांना वाट मिळते.

फुलोरा एकसारखा नसला की घडातले मणीही एका वयाचे राहत नाहीत. भिंग घेऊन चार-पाच घडांतले सगळ्यात लहान मणी तपासा. फवारणीची वेळ त्या मण्यांच्या वयावर ठरवायची, मोठ्या मण्यांच्या नाही.