पेरलेलं सोनं

मघाशी माझी ओळख करून देताना ‘सोन्याच्या खाणीत उतरून आलेले’ असं म्हटलं गेलं. तिकीट काढून उतरलो होतो, एवढं आधीच सांगून टाकतो.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नपासून साधारण ११० किलोमीटरवर बॅलरॅट आहे. तिथं १८५१ मध्ये सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावली. तो काळ १९७० साली तिथंच एका टेकडीवर पुन्हा उभा केला. त्या संग्रहालयाचं नाव सॉव्हरिन हिल. त्या काळचे कपडे घातलेले दुकानदार, घोडागाड्या, मेणबत्त्या बनवणारे, तिथं फक्त पाहायचं नाही, हातही घालायचा. आम्ही चौघं शाळासोबती गेलो होतो. त्यातल्या एकाचं सगळं आयुष्य कोल्हापुरात गुजरीत, सोनारकामात गेलेलं. त्याला आपण अण्णा म्हणू.

तिथं एक ओढा आहे. पसरट थाळीत खडी-वाळू घ्यायची, पाण्यात बुडवून गोल गोल हलवायची आणि पुढची कड जरा कलती करून वरचा थर वाहू द्यायचा. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, वाळू जेमतेम अडीच पट, त्यामुळे सोनं तळाला बसतं. मी घाई केली आणि सगळंच ओढ्याला परत केलं. अण्णानं पँट दुमडली, उकिडवा बसला आणि म्हणाला, “अरे, हे तर आपल्या झारेकऱ्यांचं काम!” सोनारांच्या दुकानांपुढची धूळ, गटारातला गाळ धुऊन त्यातून सोनं काढणारी ही माणसं तुमच्यापैकी जुन्यांनी पाहिली असतील. अर्ध्या तासानं अण्णाच्या थाळीत मोहरीच्या टरफलाएवढा पिवळा कण चमकला. त्यानं तिथल्या माणसाला विचारलं, अजून निघतं का हो इथं? तो सहज म्हणाला, “आम्हीच टाकतो की.”

अण्णाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला मात्र ते उत्तर आवडलं. नाटक आहे हे न लपवणारं संग्रहालय मी पहिल्यांदाच पाहत होतो.

खाणीत ‘वेलकम नगेट’ची गोष्ट ऐकली. १८५८ मध्ये सुमारे ५५ मीटर खोलवर सापडलेला, जवळजवळ ६९ किलोचा सोन्याचा गोळा. अण्णानं तिथंच हिशेब केला, “पाच हजार नऊशे तोळे!” पुढच्याच वर्षी लंडनच्या टाकसाळीत तो आटवला, हे कळल्यावर तो जो गप्प झाला तो चहापर्यंत.

बाहेर लाल कोटातले शिपाई बंदुका उडवत होते. मुलं टाळ्या पिटत होती. खऱ्या शिपायांना इथं कुणी टाळ्या पिटल्या नव्हत्या. सोनं सापडो न सापडो, खणणाऱ्यानं महिन्याला ३० शिलिंगांचा परवाना काढायचा. तपासणीला पोलीस आले की “जो! जो!” अशी आरोळी एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात जायची. गव्हर्नर ला ट्रोबच्या नावातला ‘जोसेफ’ त्यांनी असा वापरात आणला होता. १८५४ च्या ३ डिसेंबरला, रविवारी पहाटे, बॅलरॅटमधल्याच युरेका इथं या परवान्याविरुद्ध लाकडी ओंडक्यांच्या कुंपणाआड जमलेल्या खाणकामगारांवर सैन्य चालून आलं. वीसहून जास्त कामगार मेले. पुढच्या वर्षी परवाना गेला, वर्षाला एक पौंडाचं हक्कपत्रक आलं आणि त्याच्याबरोबर मतदानाचा अधिकार.

पण त्याच १८५५ मध्ये चिनी माणसावर इथल्या, म्हणजे व्हिक्टोरियाच्या, बंदरात उतरताना डोक्यामागे १० पौंड कर बसला. तो चुकवायला हजारो चिनी शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया वसाहतीत, रोब बंदरावर उतरले आणि चारशेहून जास्त किलोमीटर पायी आले. शिपाई होते तिथं गर्दी होती. चिनी वस्तीच्या तंबूंत मात्र आम्ही चौघंच होतो.

शेवटी सोन्याची ओतणी. तीन किलो खरं सोनं मुशीतून साच्यात ओततात. अण्णा पहिल्या रांगेत. वीट गार झाली, सगळे उठले, आणि हा विचारतो, “दर वेळी तीच वीट आटवता, मग घट किती येते?” ओतणारा हसला. मग दोघं बराच वेळ बोलत बसले. अण्णाचं इंग्रजी बेताचं, पण मूस दोघांचीही ओळखीची.

कोल्हापूरला आल्यावर त्यानं कुपीतला तो कण आपल्या काट्यावर ठेवला. काट्यानं दखलच घेतली नाही. कुपी आता तिजोरीत आहे, तिकिटाच्या पावतीसकट.