आधी जनावर, मग कॅलिबर

मंडळी, मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी रायफल घ्यायची म्हटलं की पहिला वाद कॅलिबरवरून, म्हणजे कुठल्या मापाचं काडतूस घ्यायचं यावरून, पेटतो. एक म्हणतो .३०८ पुरे, दुसऱ्याला मॅग्नमशिवाय, म्हणजे जास्त दारूच्या काडतुसाशिवाय, चालत नाही, आणि दोघंही काडतुसांच्या डब्यावर छापलेले ऊर्जेचे आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकतात. माझ्या मते हा वाद चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. गोळीला जनावराच्या अंगात कुठवर जायचंय, हे आधी ठरवा.

आकड्यांचा गोंधळ पटकन उरकतो. .३०८ विंचेस्टर, .३०-०६ स्प्रिंगफील्ड आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम, या तिन्हींच्या गोळीचा व्यास एकच आहे, .३०८ इंच. वेगळं आहे ते मागचं पितळी कवच, आणि त्यात मावणारी दारू. १८० ग्रेनची, म्हणजे साडेअकरा ग्रॅमहून थोडी जास्त वजनाची गोळी .३०-०६ मधून सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास वेगाने निघते; .३०० मॅग्नममधून तीच ९०० मीटरने. ऊर्जा ३,९०० ज्यूलवरून ४,७०० वर जाते. ऐकायला भारी वाटतं. पण दोन्ही रायफलींचा नेम २०० यार्डांवर जुळवला, तर ३०० यार्डांवर दोन्ही गोळ्यांच्या घसरणीत जेमतेम दीड-दोन इंचांचा फरक पडतो. एल्कच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाच्या, छातीत गोळी जिथे बसायला हवी, ती जागा फूटभर तरी असते. ३०० यार्डांपलीकडे बार टाकायची तुमची खरंच तयारी असेल, तरच त्या जास्तीच्या दारूचा उपयोग. बहुतेकांची ती नसते, हे त्यांनाही माहीत असतं.

आता ऊर्जेबद्दल. गोळीच्या दणक्याने जनावर उलथून पडतं, ही समजूत काही केल्या जात नाही. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने पाहा: रायफल तुमच्या खांद्याला जेवढा रेटा देते, तेवढाही गोळी जनावराला देऊ शकत नाही, कारण खांद्याला बसणाऱ्या धक्क्यात नळीतून सुटणाऱ्या वायूंचा वाटाही असतो. ५०० किलोच्या मूसला (हरणांच्या कुळातलं सर्वांत मोठं जनावर) .३०-०६ ची गोळी लागली आणि आत अडकून राहिली, तर हिशोबाने त्याचं धूड सेकंदाला दोन सेंटिमीटर वेगाने सरकेल. बस्स, एवढंच. जनावर मरतं ते फुप्फुसं फाटून, मोठ्या रक्तवाहिन्या तुटून, मेंदूचा रक्तपुरवठा थांबल्यामुळे. मेंदूत किंवा मानेच्या कण्यात बसलेली गोळी सोडली, तर हृदय फुटलेलं जनावरही दहा-पंधरा सेकंद धावू शकतं. म्हणून ‘किती ज्यूल’ यापेक्षा ‘किती खोल, आणि कसली जखम’ हा प्रश्न महत्त्वाचा.

खोली ठरते गोळीच्या वजनावर आणि बांधणीवर. साधी गोळी म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूच्या आवरणात शिसं. जनावराला लागली की पुढून पसरते, जखम रुंद करते. वेग जास्त आणि पुढे खांद्याचं हाड, असं झालं की हीच गोळी बाहेरच्या बाहेर चिंधड्या होऊन बसते. १९४६ मध्ये जॉन नॉस्लरला कॅनडात नेमकं हेच दिसलं. हातात .३०० एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) मॅग्नम, समोर चिखलाने माखलेला मूस, आणि गोळ्या आत पोचायलाच तयार नाहीत. त्याने मग गोळीच्या पोटात तांब्याचा आडवा पडदा घातला. पुढचं शिसं पसरतं, पडद्यामागचं शाबूत राहून पुढे घुसतं. १९४८ पासून ही गोळी ‘पार्टिशन’ नावाने बाजारात आहे. लक्षात घ्या, मॅग्नम हातात असूनही काम अडलं होतं. त्याने कॅलिबर वाढवलं नाही, गोळी बदलली. आज शिसं अजिबात नसलेल्या अख्ख्या तांब्याच्या गोळ्याही मिळतात. त्यांचं वजन शाबूत राहतं, पण उमलायला वेग लागतो, तेव्हा लांबच्या पल्ल्यावर त्यांची परीक्षा होते.

स्वीडनचा शिकार-नियम मला या बाबतीत फार शहाणा वाटतो. मूससारख्या जनावरासाठी गोळी ९ ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर किमान २,७०० ज्यूल हवेत; गोळी १० ग्रॅमची असेल तर २,००० चालतात. एका ग्रॅमवर सातशे ज्यूलची सूट! १८९४ चं ६.५×५५ (गोळी साडेसहा मिलिमीटरची, कवच ५५ मिलिमीटर लांब) हे सौम्य धक्क्याचं काडतूस तिथे पिढ्यान्‌पिढ्या मूसवर चाललं, ते व्यासाच्या मानाने लांब आणि जड अशा १५६ ग्रेनच्या गोळीमुळे.

इथे कुणीतरी हमखास ‘कारामोजो’ बेल या आफ्रिकेतल्या हत्तींच्या शिकाऱ्याचं नाव काढतं. काढायलाच हवं. त्याने ७×५७ माउझरने शेकड्यांनी हत्ती मारले. हेच काडतूस इंग्रजांकडे .२७५ रिग्बी म्हणून ओळखलं जायचं आणि जिम कॉर्बेटकडेही त्याची रायफल होती. पण बेल न पसरणारी, १७३ ग्रेनची टणक गोळी वापरायचा, हत्तीच्या कवटीत मेंदू कुठल्या कोनातून कुठे येतो हे त्याने कवट्या कापून अभ्यासलं होतं, आणि त्याचा हात असा होता की तसा लाखात एखाद्याचा असतो. त्याच्या उदाहरणावरून लहान कॅलिबरची शिफारस करणाऱ्याच्या शेजारी मी तरी उभा राहणार नाही. अंगावर येणाऱ्या केप बफेलोसमोर (आफ्रिकेतल्या रानम्हशीसमोर) मेंदू चुकला तरी हाड मोडून पुढे जाणारी गोळी लागते. म्हणून १९१२ च्या .३७५ एच अँड एच ला, त्याच्या ३०० ग्रेनच्या गोळीला, आफ्रिकेत अजून मान आहे. तिथल्या अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी किमान व्यास किंवा किमान ज्यूल कायद्यानेच ठरलेले आहेत, तेव्हा तिथे आवडीनिवडीला फारशी जागाच नाही.

राहिला खांदा, आणि माझ्या मते खरा निकाल इथेच लागतो. रेंजवर एक प्रयोग करा. तुमच्या नकळत मित्राला रायफल भरू द्या. कधी खरं काडतूस, कधी बिनदारूचं. चाप ओढल्यावर नुसता ‘टक्‌’ आवाज आला की नळीच्या तोंडाकडे बघा. ती खाली झुकली, डोळे मिटले, खांदा पुढे गेला, तर धक्क्याच्या धास्तीने तुमचं शरीर बार व्हायच्या आधीच दचकतंय. बार झाला की त्या आवाजात आणि हिसक्यात हे झाकून जातं. बिनदारूचं काडतूस ते उघडं पाडतं. दहा-बारा काडतुसांतही नळी हलली नाही, तर ते कॅलिबर तुमचं. हलली, तर एक पायरी खाली या. पोटात बसलेली .३०० मॅग्नमची गोळी फुप्फुसातल्या .३०८ ची बरोबरी करत नाही. त्या जखमी जनावराचा माग रात्रभर काढावा लागतो, आणि ते सापडेलच असं नाही.

हरीण, रानडुक्कर, एल्क, मूस यांच्यासाठी सरळ विचाराल तर मी .३०८ किंवा .३०-०६ म्हणेन, १६५ ते १८० ग्रेनची मजबूत बांधणीची गोळी घालून. धक्का सोसत नसेल तर ६.५ किंवा ७ मिलिमीटर, पण गोळी जड घ्या. .२४३ मोठ्या जनावरांसाठी मी सुचवत नाही; १०० ग्रेनच्या गोळीला तिरक्या कोनातून आत जाताना फार थोडी उसंत मिळते. आणि निवडलेलं काडतूस तुम्ही जिथे जाणार तिथे मिळतं का, हे आधी विचारून घ्या. गोळीचा प्रकार बदलला, तर वजन तेच असलं तरी नेम पुन्हा जुळवावा लागतो. तो शिकारीच्या आदल्या संध्याकाळी जुळवायचं ठेवू नका.