कडेची माणसं

[फलटणमधला एक जुना फोटो स्टुडिओ. लोखंडी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा बाहेर येतो. झाकण उघडतं.]

हा डबा उघडला की आधी वास येतो. जुन्या निगेटिव्हचा, किंचित आंबूस. त्या वासाची मला धास्ती वाटते. वास वाढला की समजायचं, फिल्म खराब व्हायला लागली. म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी मी सगळे डबे उघडतो आणि बटर पेपरमधली एकेक पट्टी बाहेर काढून हवेला ठेवतो. चार दिवस जातात त्यात. पण त्या चार दिवसांत मी दुसरं काम घेत नाही.

मागच्या महिन्यात एक मुलगा दुकानात आला. काखेत आईच्या लग्नाचा अल्बम. म्हणाला, "काका, हे लग्न तुम्हीच काढलेलं आहे. ह्यातली आमची आजी तेवढी वेगळी करून द्याल? भिंतीवर लावायला तिचा एकही फोटो नाही आमच्याकडं."

आजी कुठं आहे विचारलं, तर त्यानं हळदीच्या फोटोवर बोट ठेवलं. मधोमध पाटावर नवरी, गाल पिवळेधमक, भोवती सवाष्णी. आणि अगदी डाव्या कडेला, दाराच्या चौकटीआड, अर्धा चेहरा. तोंडाशी पदर धरलेला.

अल्बमच्या मागच्या पुठ्ठ्यावर माझ्या अक्षरात साल आहे, १९९४. आणि ती चौकटीआडची बाई म्हणजे नवरीची सख्खी आई.

[कॅमेरा हातात. फिल्म पुढे ओढण्याचा खटका. एकदा, दोनदा.]

मी धंद्याला लागलो १९८९ साली. पेंटॅक्स के-१००० कॅमेरा, सेकंडहँड घेतलेला. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. लग्नाला दोन रोल ठरायचे, म्हणजे बहात्तर. घरातले एखादे काका सकाळीच जवळ येऊन बजावायचे, "फुकट क्लिक मारायचे नाहीत." मग यादी सांगायचे. हळद, देवक, अक्षता, कन्यादान, सप्तपदी, आणि शेवटी आहेर. आहेराला तर रांगच लागायची. भांडं द्यायचं, कॅमेऱ्याकडं बघायचं, पुढं सरकायचं. निम्मा रोल तिथंच संपायचा.

आमच्याकडं मुहूर्त बहुतेक दुपारचे. ऊन डोक्यावर, वर लाल-पिवळ्या कापडाचा मांडव. त्या कापडातून उजेड गाळून येतो तो सगळ्यांना लाल करतो. पांढरी टोपी गुलाबी, नवरदेवाचा चेहरा जांभळट. मुंडावळ्यांच्या सावल्या गालावर काळ्या रेघांसारख्या. ते सगळं फ्लॅशनं धुऊन काढायचं, आणि फ्लॅश पुन्हा चार्ज होईपर्यंत पुढचा क्षण निघून जायचा. त्या काही सेकंदांत माझ्या हातून काय काय सुटलं, ते मला अजून आठवतं.

एकदा तर सगळंच सुटलं. रोल पुढं सरकला की कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूची गुंडी आपोआप फिरते. फिरली नाही, तर फिल्म आत अडकलेलीच नाही असं समजायचं. त्या दिवशी घाईत मी गुंडीकडं पाहिलं नाही. काट्यानं सदतीस, अडतीस दाखवलं तेव्हा पोटात गोळा आला. मंगलाष्टका, अक्षता, हार, काहीच आलं नव्हतं.

मी नवरीच्या वडिलांसमोर जाऊन उभा राहिलो आणि खरं ते सांगितलं. ते क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "जेवणं व्हायची आहेत अजून. धरू पुन्हा अंतरपाट." आणि खरोखर धरला. भटजी आले, मामा नवरीच्या पाठीशी उभा राहिला, उरलेली रंगवलेली ज्वारी लोकांनी पुन्हा उधळली. ते फोटो अल्बममध्ये चांगले दिसतात, सगळे नीट उभे आहेत. पण पहिल्या वेळी शेवटच्या मंगलाष्टकेला मामा डोळे पुसत होता. दुसऱ्या वेळी तो हसत होता. त्या घरात कधी गेलो, तर मी तो अल्बम उघडत नाही.

[हळदीचा तोच फोटो. कॅमेरा हळूहळू डावीकडे सरकतो.]

हे सगळं सांगितलं ते ह्या बाईसाठी.

नवरा जाऊन तिला तेव्हा सहा-सात वर्षं झाली असतील. पोरीचं लग्न तिनं एकटीनं जमवलं. दुसऱ्याच्या रानात राबून तिनं साठवलेल्या पैशातूनच त्या मांडवाचं भाडं गेलं. आणि हळद लावायच्या वेळी ती दाराआड. कुणी तिला हाकललं नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं. तिला तिची जागा माहीत होती आणि इतरांनाही ती माहीत होती. कन्यादान चुलता-चुलतीनं केलं.

आणि मी? मी नवरीवर फोकस लावला. ती बाई फ्रेममध्ये आली ती माझ्या नजरचुकीनं. मी पाऊलभर उजवीकडं सरकलो असतो, तर तेवढीही आली नसती.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हेरवाडसारखं करायला सांगितलं. पेपरात ती बातमी वाचली तेव्हा मी दुकानातच होतो. उठून हाच डबा काढला होता.

आता मी हळदीला कॅमेरा उचलायच्या आधी विचारतो, नवरीची आई कुठं आहे? आत असेल तर हाक मारतो, "ताई, तुमच्याशिवाय फोटो होणार नाही." फोटोग्राफरचा शब्द लग्नात मोडत नाहीत. पूर्वी मला हे माहीत असतं, तर...

[पाऊस. टाळांचा आवाज लांबून जवळ येतो.]

लग्नसराई आटोपत येते तोवर माउलींची पालखी आमच्याकडं येते. नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान, मग लोणंद, तरडगाव, फलटण. तरडगावच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबाला वाटेवरचं पहिलं उभं रिंगण होतं. घोडा धावत गेला की लोक वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात. पुढं आषाढी एकादशी, चातुर्मास सुरू, आणि कार्तिकात तुळशीचं लग्न होईपर्यंत आमच्याकडं मुहूर्त नाहीत. माझं हिंडणं सगळं ह्या दिवसांतलं. इथं कुणी यादी देत नाही.

रिंगणाच्या गर्दीत एका म्हाताऱ्या माउलीचा फोटो काढला होता. डोक्यावर तुळस, पायात टायरच्या चपला. फोटो पाठवायचा कुठं, म्हणून पत्ता विचारला. ती म्हणाली, "पत्ता कशाला? रथाच्या मागं आमची दिंडी." आणि दिंडीचा नंबर सांगितला, आपण घर नंबर सांगतो तसा. पुढच्या वर्षी मी प्रिंट घेऊन त्या नंबरापाशी जाऊन थांबलो, आणि ती बरोबर आली. फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग शेजारणीला म्हणाली, "अगं, ही माझी आई दिसतीय."

तिनं आईचा फोटो कधी पाहिलाच नव्हता. काढलाच नव्हता कुणी.

[उसाचा फड. पाचट. दूर ऊसतोड मजुरांच्या कोप्यांची, म्हणजे झोपड्यांची रांग.]

दिवाळीनंतर आमच्या भागात बीडकडून टोळ्या उतरतात. ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्याला. एकट्या पोराला कोण विचारतो? म्हणून हंगामाच्या तोंडावर घाईघाईनं लग्नं लागतात.

काही वर्षांपूर्वी कोप्यांवर फोटो काढत होतो, तेव्हा एक पोरगा लाजत पुढं आला. "सायेब, आमच्या लग्नाचा फोटोच न्हाई. काढता का?" लग्न लावून दोन दिवसांत ट्रॅक्टरवर बसले होते दोघं. त्याची बायको फडातून आली. लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातांवर पाचटानं कापल्याच्या बारीक रेघा. कोपीत जाऊन पेटीतला शालू नेसून आली. मी दोघांना ट्रॅक्टरच्या चाकापाशी उभं केलं. तिनं कॅमेऱ्याकडं पाहिलं, आणि काचेतून मला दिसलं ते पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचं तोंड.

मुलीचं वय अठरा हवं, कायदा तसं सांगतो. २००६ च्या कायद्यात तर असं लग्न लावणाऱ्यांना आणि लग्नाला मदत करणाऱ्यांनाही शिक्षा आहे. मला हे माहीत होतं. मी तिचं वय विचारलं नाही. शाळा कितवीत सुटली, एवढंच विचारलं. तिनं सांगितलं, "आठवीत." प्रिंट नेऊन दिली, पैसे घेतले नाहीत, आणि पैसे न घेतल्यानं माझं गप्प बसणं काही कमी झालं नाही. तेव्हापासून लग्नाची ऑर्डर घेताना मी मुलीच्या जन्मतारखेचा कागद मागतो. त्यापायी काही ऑर्डरी गेल्या. गेल्या तर गेल्या.

[आजचं मंगल कार्यालय. ड्रोन, एलईडी स्क्रीन. खिडकीपाशी एक रिकामी लाकडी खुर्ची.]

आता एका लग्नात चार-पाच हजार फोटो निघतात. लग्नाआधी मेणवलीच्या घाटावर शूटिंग, वरून ड्रोन, संध्याकाळपर्यंत रील तयार. पोरं कौतुकानं करतात, मलाही त्यात आनंद आहे. पण एवढ्या फोटोंतही म्हातारी माणसं पाठमोरीच येतात. म्हणून मी एक गोष्ट मागून घेतो. सकाळी गर्दी व्हायच्या आधी एक खिडकी, एक खुर्ची आणि अर्धा तास. दोन्हीकडची थकलेली माणसं एकेक करून येतात, बसतात. कुणी टोपी नीट करतं, कुणी चष्मा काढू का विचारतं. मी सांगतो, रोज घालता ना, राहू द्या.

[पुन्हा स्टुडिओ. निगेटिव्हची पट्टी उजेडाच्या पेटीवर.]

त्या मुलाच्या आजीची पट्टी तिसऱ्या डब्यात सापडली. स्कॅन करून मोठी केली. चौकट बाजूला काढली, पदराची घडी उजळली, डोळे दिसायला लागले. बाई नवरीकडं बघत होती. आणि तिच्या खांद्यावर एक हात होता, मागून आलेला. चार हिरव्या बांगड्या, बाकी माणूस फ्रेमच्या बाहेर.

मुलगा म्हणाला, "हात काढता येईल का काका?" म्हटलं, येईल. हल्ली दोन मिनिटांचं काम आहे. पण आईला विचार आधी.

त्यानं तिथंच आईला फोटो पाठवला आणि फोन लावला. स्पीकरवर पलीकडं बराच वेळ शांतता.

"राहू दे रे तो हात," आई म्हणाली. "शेजारच्या मावशीचा हाय. तिचा पण फोटो न्हाई कुटं."

[प्रिंटरमधून कागद हळूहळू बाहेर येतो. आधी पदर, मग डोळे, मग बांगड्या.]