गोल आरएनए आणि फुप्फुसाची गाठ

श्रोतेहो, नमस्कार. जनुकाचा निरोप आरएनए वाहून नेतो, हे आपण शाळेत शिकलोच. हा आरएनए लांब, दोन टोकांचा. पण काहींची टोकं एकमेकांना जुळतात आणि कडं तयार होतं. आरएनए संपवणारी बरीच एन्झाइमं टोकाकडूनच कुरतडत येतात. कड्याला टोकच नाही, म्हणून ते टिकतं. लक्षात ठेवा, टोक नाही म्हणून टिकतं.

आता माझी आवडती हकिगत. १९९१ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कर्करोगाशी संबंधित एक जनुक तपासताना त्याच्या आरएनएतले तुकडे भलत्याच क्रमाने जोडलेले दिसले. मागचा पुढे, पुढचा मागे. प्रमाण अगदी थोडं, त्यामुळे विषय मागे पडला. मग २०१२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ज्युलिया साल्झमन आणि त्यांचे सहकारी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांच्या पेशींत अशीच उलटापालट शोधत होते. कर्करोगाची खूण सापडेल, ही आशा. उलटापालट सापडलीही, भरपूर! पण तुलनेला घेतलेल्या निरोगी पेशींतही तीच! शेकडो जनुकांत तीच! ही गोल आरएनएची कडी होती, रोजच्या कारभारातली. शेवटचं टोक पहिल्याला जुळलं, की मागचा तुकडा पुढच्याच्या आधी वाचला जातो, म्हणून ती उलटापालट. निरोगी पेशी शेजारी ठेवल्या नसत्या, तर ही कडी रोगाचीच खूण ठरली असती. निरोगी पेशींच्या अभ्यासाला पैसे देताना हात आखडता का घेतात, हे मला आजवर पटलेलं नाही. असो.

फुप्फुसाच्या कर्करोगात काय होतं? सीआयआरएस-७ नावाच्या कड्यावर मायक्रो-आरएनए-७ला, म्हणजे जनुकांना आवर घालणाऱ्या एका छोट्या आरएनएला, चिकटायला सत्तरहून अधिक जागा आहेत. हा मायक्रो-आरएनए ईजीएफआर या वाढीच्या प्रथिनाला आवर घालतो. तो कड्यावरच अडकला, की आवर सुटतो आणि वाढ फोफावते, असं मांडलं गेलंय. ईएमएल४ आणि एएलके ही जनुकं जोडली गेलेल्या गाठींत तर त्या जोडजनुकाचंच कडं बनतं. २०१८ साली ते रुग्णांच्या रक्तद्रवातही सापडलं. सगळी कडी मात्र वाढीच्या बाजूची नाहीत. फॉक्सओ३ जनुकाचं कडं फुप्फुसाच्या गाठीला रोखतं, असं प्रयोगांत दिसलंय.

आणि आणखी एक. २०२० साली मोठ्या आतड्याच्या गाठींत सीआयआरएस-७ नेमकं कुठे आहे ते पाहिलं, तर ते कर्कपेशींत नव्हतंच, भोवतालच्या आधारपेशींत होतं. कडं कर्कपेशीत नसेल, तर तिथला मायक्रो-आरएनए ते अडकवणार कसं? म्हणून फुप्फुसाच्या गाठीचा तुकडा सरसकट कुटून आरएनए मोजू नये. कडं कोणत्या पेशीत आहे, ते आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं.